मदत हवी आहे: लॅक ओपेरॉनच्या प्रॅक्टिकलमध्ये ग्लुकोजची नळीसुद्धा पिवळी होते आहे

सुरसागर_काठ

नमस्कार मंडळी. बडोद्यातल्या एका कॉलेजात एमएस्सीच्या पहिल्या वर्षासाठी जनुक-नियंत्रणाचं प्रॅक्टिकल बसवायचं काम चालू आहे. विषय नेहमीचाच: ई. कोलायचा लॅक ओपेरॉन (लॅक्टोज वापरण्यासाठी एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट), आणि मोजायचं ते त्यातलं लॅक्टोज फोडणारं एन्झाइम बीटा-गॅलॅक्टोसिडेझ, ओएनपीजी (या एन्झाइमने फुटलं की पिवळं होणारं बिनरंगी रसायन) वापरून.

सध्याची पद्धत अशी. एलबीच्या (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या द्रव माध्यमाच्या) तीन नळ्या. 'अ' मध्ये नुसतं एलबी, 'ब' मध्ये ०.२ टक्के लॅक्टोज, 'क' मध्ये ०.२ टक्के लॅक्टोज आणि ०.२ टक्के ग्लुकोज. कल्चर घालून ३७ अंशांवर रात्रभर शेकरवर. सकाळी क्लोरोफॉर्म, एसडीएस, ओएनपीजी, आणि शेवटी सोडियम कार्बोनेट.

ई. कोलायचा डीएच५ अल्फा हा स्ट्रेन वापरला तर तिन्ही नळ्या पांढऱ्या राहतात. बीएल२१ (डीई३) घेतलं तर 'ब' छान पिवळी होते, पण 'क' सुद्धा जवळजवळ तितकीच पिवळी. पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे 'क' मध्ये काहीच दिसायला नको. ओएनपीजी नवीन बाटलीतलं आहे, द्रावण बिनरंगी आहे.

आमच्याकडे कलरीमीटर आहे, त्यात ४२०, ५४० आणि ६०० चे फिल्टर आहेत. वॉटर बाथ साधा, थंड करण्याची सोय नसलेला. मुलं चोवीस, चौघांचा एक गट. कुठे गडबड होते आहे?

एन्झाइमवाले

दोन्ही स्ट्रेनची कारणं वेगळी आहेत, तेव्हा वेगवेगळी सांगतो.

डीएच५ अल्फाच्या गुणसूत्रावर मूळ जागी लॅक-झेड (बीटा-गॅलॅक्टोसिडेझचं जनुक), लॅक-वाय (लॅक्टोज पेशीत आणणाऱ्या परमिएझचं जनुक) आणि लॅक-ए ही तिन्ही जनुकं नाहीतच. तो सगळा तुकडा कापून टाकलेला आहे. त्यात φ८० फाजमार्फत (जिवाणूंच्या विषाणूमार्फत) बसवलेलं लॅक-झेड आहे, पण त्याची सुरुवात गायब आहे (एम१५ डिलीशन), त्यामुळे त्यातून निघणारं प्रथिन एकटं काम करत नाही. पीयूसी१९ सारख्या प्लाझमिडवरून (गुणसूत्राबाहेरच्या छोट्या गोल डीएनएवरून) तो सुरुवातीचा, म्हणजे अल्फा तुकडा मिळाला तरच दोन्ही जोडून चालतं एन्झाइम तयार होतं. क्लोनिंगमध्ये डीएच५ अल्फाच्या निळ्या वसाहती बघितलेल्या असतात, म्हणून या स्ट्रेनमध्ये एन्झाइम आहेच असं वाटतं. प्लाझमिड नसेल तर लॅक्टोज, आयपीटीजी (ओपेरॉन चालू करणारं लॅक्टोजसारखं कृत्रिम रसायन) काहीही घाला, नळी पांढरीच राहणार.

त्यावर पीयूसी१९ घालून प्रॅक्टिकल करायचा मोह टाळा. प्लाझमिडच्या शेकडो प्रती, प्रत्येकीवर ऑपरेटर (रिप्रेसर, म्हणजे ओपेरॉन बंद ठेवणारं प्रथिन, बसतं ती डीएनएवरची जागा), आणि पेशीत रिप्रेसर बनवणाऱ्या लॅक-आय जनुकाची एकच प्रत. साध्या पेशीत रिप्रेसरचे जेमतेम दहाएक टेट्रामर असतात, ते इतक्या ऑपरेटरना पुरत नाहीत. आयपीटीजीशिवायही एन्झाइम बनत राहील आणि 'अ' नळी पिवळी होईल.

मॅकॉन्की अगारवर (लॅक्टोज वापरणाऱ्या वसाहती गुलाबी दाखवणाऱ्या माध्यमावर) एक रेघ ओढून बघा, दुसऱ्या दिवशी कळेल: लॅक शाबूत असलेला स्ट्रेन गुलाबी, डीएच५ अल्फा बिनरंगी. प्रॅक्टिकलच्या आधी प्रत्येक वेळी ही प्लेट टाकायची सवय ठेवा. फ्रीझरमधल्या नळ्यांवरची नावं पुसली जातात.

बीएल२१ मध्ये लॅक ओपेरॉन शाबूत आहे, म्हणून चालतो. फक्त तो गॅलॅक्टोज वापरू शकत नाही, त्यामुळे लॅक्टोजवर वाढ अर्धवट राहते. दरवर्षी करायचं असेल तर के-१२ चा एमजी१६५५ सारखा साधा स्ट्रेन ठेवा. चंदीगडच्या एमटीसीसीकडून (सूक्ष्मजीवांच्या कल्चर-संग्रहाकडून) के-१२ चे स्ट्रेन मिळतात. त्याआधी विद्यापीठाच्या मायक्रोबायोलॉजी विभागात विचारून बघा.

ओपेरॉनताई

'क' पिवळी होण्याचं कारण मला 'रात्रभर' या शब्दात दिसतं. ०.२ टक्के ग्लुकोज म्हणजे लिटरला दोन ग्रॅम. चांगल्या शेकरवर, एलबीमध्ये, पेशी तो काही तासांत संपवतात. तो संपला की त्या लॅक्टोजकडे वळतात, आणि सकाळपर्यंत ओपेरॉन पूर्ण चालू झालेला असतो. सकाळी तुम्ही मोजता ती ग्लुकोज संपलेली नळी. जाक मोनो या शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात दाखवलेली दोन टप्प्यांची वाढ तीच, तुम्ही फक्त दुसऱ्या टप्प्यानंतर पोचता आहात.

खात्री करायची असेल तर रावपुऱ्यातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात लघवीतली साखर बघायच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. त्यात ग्लुकोज ऑक्सिडेझ असतं, ते लॅक्टोजला दाद देत नाही. (बेनेडिक्ट वापरू नका, लॅक्टोजही त्यात रंग देतो.) 'क' नळीत पट्टी सुरुवातीला आणि सकाळी बुडवा. साधारण ०.१ टक्क्याच्या खालचं मात्र पट्टीला नीट कळत नाही, म्हणून पट्टी कोरी राहिली तर 'ग्लुकोज कमी झाला' एवढंच समजा.

उपाय: रात्रभरचं कल्चर हे फक्त इनॉक्युलम (विरजण). सकाळी ताज्या माध्यमात शंभरास एक घाला, ओडी (कल्चरचा गढूळपणा, ६०० वर मोजलेला) ०.३ च्या आसपास आली की इंड्युसर (ओपेरॉन चालू करणारं रसायन) घाला, आणि तासाभरात मोजून मोकळे व्हा. ग्लुकोज ०.४ टक्के ठेवा. लॅक्टोज ऑटोक्लेव्ह करू नका. उष्णतेने त्याचा थोडा भाग फुटून त्यातच ग्लुकोज तयार होतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या.

सुरसागर_काठ

धन्यवाद दोघांनाही. मॅकॉन्की प्लेट आजच टाकतो. ताई, लॅक्टोजऐवजी आयपीटीजी वापरलं तर ग्लुकोजचा प्रश्नच उरणार नाही ना? आयपीटीजी + ग्लुकोजच्या नळीत शून्य यायला हवं असं धरू का?

ओपेरॉनताई

नाही. इथेच पुस्तकातला शून्य-एकचा तक्ता मुलांना फसवतो. ग्लुकोज दोन वेगळ्या रस्त्यांनी काम करतो.

एक: ग्लुकोज आत येताना पीटीएस या साखर आत आणणाऱ्या यंत्रणेतलं ईआयआयए-ग्लुकोज हे प्रथिन फॉस्फेट गमावतं, आणि त्या रूपात ते लॅक-वाय परमिएझला चिकटून लॅक्टोज आत येऊच देत नाही. याला इंड्युसर एक्सक्लूजन म्हणतात.

दोन: तेच प्रथिन फॉस्फेटसह असताना अॅडेनिलेट सायक्लेझला (सीएएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू बनवणाऱ्या एन्झाइमला) चालना देतं. ग्लुकोज असताना ते फॉस्फेट नसतं, म्हणून सीएएमपी कमी बनतो, सीएपी (सीएएमपी जोडल्यावर ओपेरॉनला चालना देणारं प्रथिन) प्रमोटरवर (जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागी) नीट बसत नाही, आणि लॅकचा मुळातच अशक्त प्रमोटर सुस्त राहतो.

ग्लुकोज आणि लॅक्टोज दोन्ही असताना पहिला रस्ता जास्त भारी पडतो. नागोयाच्या गटाने १९९६ मध्ये हेच दाखवलं. ग्लुकोजवर वाढणाऱ्या आणि लॅक्टोजवर वाढणाऱ्या पेशींत सीएएमपीची पातळी जवळपास सारखीच होती, म्हणजे दोन टप्प्यांच्या वाढीचं कारण सीएएमपी नव्हतं.

आता १ मिलिमोलर आयपीटीजी घाला. ते परमिएझशिवायही आत शिरतं, पेशी ते फोडत नाही आणि ते थेट रिप्रेसरला धरतं. पहिला रस्ता निकामी. उरतो फक्त सीएएमपीचा परिणाम, आणि तो एन्झाइम कमी करतो, बंद करत नाही. तेव्हा आयपीटीजी + ग्लुकोजची नळी 'ब' पेक्षा फिकट पण स्पष्ट पिवळी यायला हवी. ती शून्य आली तर उलट काळजी करा: आयपीटीजी घालायचं राहिलं असेल.

माझं मत विचाराल तर दोन्ही करा. आयपीटीजीच्या दोन नळ्या आणि लॅक्टोजच्या दोन, ग्लुकोजसह आणि ग्लुकोजविना, शिवाय इंड्युसरशिवायची एक. दोन जोड्यांतला फरक म्हणजेच इंड्युसर एक्सक्लूजन, आणि पाच नळ्यांत ओपेरॉनचं नकारात्मक नियंत्रण (रिप्रेसरचं) आणि सकारात्मक नियंत्रण (सीएपीचं) दोन्ही वेगळी दिसतात. पायाला एलबीऐवजी ०.४ टक्के ग्लिसरॉल आणि ०.२ टक्के कॅसअमिनो आम्ल घातलेलं एम९ (साध्या क्षारांचं माध्यम) घ्या. फरक स्वच्छ दिसतो.

एन्झाइमवाले

हाताशी असावी म्हणून कृती लिहितो. झेड बफर (एन्झाइम मोजायचं द्रावण), ५०० मिलीसाठी: निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ४.२६ ग्रॅम, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (दोन रेणू पाणी असलेलं) ३.१२ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३७ ग्रॅम, आणि सगळं विरघळल्यावर मॅग्नेशियम सल्फेट (सात रेणू पाणी असलेलं) ०.१२ ग्रॅम. पीएच ७.०. ऑटोक्लेव्ह करायचं नाही.

बाटलीवर किती पाणी लिहिलंय ते वाचूनच वजन करा. परदेशी कृतीतला १६.१ ग्रॅम प्रति लिटरचा आकडा सात पाण्याच्या डायसोडियम क्षाराचा आहे. तो निर्जल पावडरीला लावला तर डायसोडियम फॉस्फेट जवळजवळ दुप्पट होतं आणि पीएच वर जातो.

बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल त्याच दिवशी घाला, १०० मिलीला ०.३५ मिली. फ्यूम हूडमध्येच, नाहीतर पूर्ण मजल्याला कळेल.

बाकीची द्रावणं: ओएनपीजी ४ मिग्रॅ प्रति मिली, झेड बफरमध्ये (सावकाश विरघळतं, घाई करू नका, फॉइल गुंडाळा). सोडियम कार्बोनेट १ मोलर, म्हणजे १०० मिलीत निर्जल १०.६ ग्रॅम. आयपीटीजी १०० मिलिमोलर, १० मिलीत २३८ मिग्रॅ, गाळून, उणे २० वर. यातलं १०० मायक्रोलिटर १० मिली कल्चरला घातलं की १ मिलिमोलर झालं.

इंडक्शन झाल्यावर नळ्या बर्फात वीस मिनिटं ठेवा, वाढ थांबते. ओडी ६०० वर लिहून घ्या. मग काचेच्या परीक्षानळीत ०.१ मिली कल्चर आणि ०.९ मिली झेड बफर, ५० मायक्रोलिटर ०.१ टक्के एसडीएस, १०० मायक्रोलिटर क्लोरोफॉर्म. दहा सेकंद व्हॉर्टेक्स, पाच मिनिटं बाथमध्ये. ०.२ मिली ओएनपीजी घालून घड्याळ सुरू करा. लिंबाच्या सालीइतकं पिवळं दिसलं की ०.५ मिली कार्बोनेट, आणि मिनिटं लिहा. कार्बोनेटने पीएच ११ च्या आसपास जातो: एन्झाइम थांबतं आणि ऑर्थो-नायट्रोफिनॉलचा रंगही पूर्ण खुलतो. पीएच ७ ला हा रंग अर्धाच दिसतो, म्हणून कार्बोनेटआधी आणि नंतर डोळ्याने तुलना करू नका.

कार्बोनेटनंतर पाच मिनिटं फिरवून वरचं द्रव अलगद घ्या. खालचा क्लोरोफॉर्म क्युव्हेटमध्ये गेला तर वाचन नाचतं, आणि स्वस्तातली प्लास्टिक क्युव्हेट पांढुरकी होते. पॉलिस्टायरिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळतं.

सुरसागर_काठ

क्युव्हेट पांढुरक्या होण्याचं कोडंही सुटलं म्हणायचं. सर, आमच्याकडे ५५० चा फिल्टर नाही, मग सूत्राचं काय? आणि बाथ २८ अंशांवर ठेवा असं सगळीकडे लिहिलंय. इथे एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळाच ३६-३७ वर असते.

एन्झाइमवाले

मूळ सूत्रात ४२० च्या वाचनातून १.७५ × ५५० चं वाचन वजा करतात; ती पेशींच्या अवशेषांमुळे होणाऱ्या गढूळपणाची वजावट आहे. फिरवून वरचं स्वच्छ द्रव घेतलंत की ती वजावट जवळपास शून्य होते. नुसतं ४२० वापरा. ५४० चा फिल्टर त्या जागी घालू नका, १.७५ हा गुणक ५५० साठीच आहे. सूत्र असं राहील:

युनिट = १००० × ४२० चं वाचन ÷ (मिनिटं × कल्चरचे मिली × ६०० ची ओडी)

उदाहरण: ४२० चं वाचन ०.५५, वेळ १२ मिनिटं, कल्चर ०.१ मिली, ओडी ०.४५. उत्तर १०१९. जेफ्री मिलर यांनी १९७२ मध्ये दिलेल्या या एककात पूर्ण चालू झालेला साधा स्ट्रेन हजाराच्या आसपास येतो, आणि इंड्युसरशिवाय एक ते पाच.

तापमानाचं म्हणाल तर साधा बाथ फक्त तापवतो. बडोद्याच्या मेमध्ये २८ चा आग्रह धरलात तर बर्फ घालत बसावं लागेल आणि दर गटाचं तापमान वेगळं निघेल. सरळ ३७ वर करा आणि वहीत तसं लिहायला लावा. एन्झाइम ३७ वर जास्त वेगाने चालतं, म्हणून आकडे छापील आकड्यांपेक्षा वर येतील, पण नळ्यांमधलं गुणोत्तर टिकतं. बफर आणि ओएनपीजीही आधी त्याच बाथमध्ये ठेवा. फ्रिजमधून थेट घातलं तर पहिली दोन मिनिटं वाया जातात.

रावपुरा_७

एक भर. इंड्युसरशिवायच्या नळीत मुलं ०.१ मिली कल्चर घेऊन दहा मिनिटांनी 'शून्य' लिहितात. ते शून्य नसतं. ३ युनिट धरा: ०.५ मिली कल्चर, ०.५ मिली बफर, ६० मिनिटं, ओडी ०.४५ घेतली तरी ४२० वर जेमतेम ०.०४ वाचन येतं, डोळ्याला काही दिसत नाही. म्हणून या नळीला कल्चर जास्त आणि वेळ जास्त द्या, आणि पेशी न घातलेली एक नळी तितकाच वेळ ठेवून तिचं वाचन वजा करा. ओएनपीजी स्वतःहूनही थोडं फुटतं.

ही गळती मुलांनी बघणं गरजेचं आहे. लॅक्टोज स्वतः इंड्युसर नाही. बीटा-गॅलॅक्टोसिडेझच त्याचं अॅलोलॅक्टोज बनवतं, आणि ते रिप्रेसरला ऑपरेटरवरून सोडवतं. पेशीत सुरुवातीला परमिएझ आणि एन्झाइम थोडंही नसतं, तर लॅक्टोजने ओपेरॉन कधीच चालू झाला नसता. लॅक्टोजची नळी आयपीटीजीच्या मागे रेंगाळते, त्याला हेही एक कारण आहे. तिला ६० ऐवजी ९० मिनिटं द्या.

सुरसागर_काठ

मॅकॉन्कीवर डीएच५ अल्फा बिनरंगी, बीएल२१ गुलाबी. पट्टीवर 'क' सुरुवातीला गडद, सकाळी कोरी. आता शेवटचं: चोवीस मुलं, पाच नळ्या, तीन तासांचा तास. कसं बसवू?

ओपेरॉनताई

इनॉक्युलम आदल्या संध्याकाळी. सकाळी आठला तुम्ही किंवा लॅब असिस्टंटने एकाच मोठ्या फ्लास्कमध्ये शंभरास एक घालून ठेवा. ग्लिसरॉलवर वाढ सावकाश असते, ओडी ०.३ यायला अर्धा दिवस धरा, म्हणून तास दुपारचा ठेवा. तास सुरू झाला की प्रत्येक गटाला १० मिलीच्या पाच वाटण्या. पहिल्या पंधरा मिनिटांत इंड्युसर आणि ग्लुकोज घालून होऊ द्या. शेकरवर आयपीटीजीवाल्या नळ्या आणि इंड्युसरशिवायची नळी ६० मिनिटं, लॅक्टोजवाल्या ९०. सहा गटांची ओएनपीजीची वेळ दोन-दोन मिनिटांनी मागेपुढे ठेवा, नाहीतर कलरीमीटरपाशी रांग लागते. कार्बोनेट घातलेल्या नळ्या थांबू शकतात, घाई नको.

क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या काचेच्या बाटलीत, हूडखाली. तो ऑटोक्लेव्हमध्ये अजिबात जाऊ देऊ नका. उरलेली कल्चर १२१ अंशांवर वीस मिनिटं.