७५०० किलोचा निकाल आणि 'आता रस्त्यावर मरा' वाले

घाटमाथा: काल इथे एकाने लिहिलं, "सुप्रीम कोर्टाने कारच्या लायसनवर ट्रक चालवायला दिला, आता रस्त्यावर मरा." रात्रभर डोक्यात बसलंय म्हणून लिहितो. अहो आधी वाचा तरी! ६ नोव्हेंबर २०२४, पाच जणांचं घटनापीठ. एलएमव्ही, म्हणजे कारचं हलक्या गाडीचं लायसन असेल तर ७५०० किलोच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, वेगळं टीआर, म्हणजे लायसनवर ट्रान्सपोर्टचा शिक्का, नको. म्हणजे छोटा हत्ती, पिकअप, फार तर ४०७. दहा टायरीचा संबंधच नाही, केमिकलवाल्यांचे नियमही वेगळेच राहिले. आणि २०१७ च्या मुकुंद देवांगन निकालात हेच होतं, विमावाल्यांना पचलं नाही म्हणून परत सगळं. माझ्या चुलत्याचा पिकअप २०१५ ला ठोकला, ड्रायव्हर मुरलेला, पण टीआर नाही म्हणून कंपनीने हात वर केले. काकूच्या पाटल्या गेल्या त्यात.

पादचारी: पाटल्यांचं वाईट वाटलं, पण गाडीखाली आला त्याच्या घरी काय गेलं ते नाही सांगितलंत.

घाटमाथा: त्याचा पाय गेला, आणि पैसे आम्हीच दिले, कंपनीने नाही. एलएमव्हीवाल्यांमुळे अपघात वाढले याचा आकडा कोर्टात कोणी दाखवला नाही, हेही निकालातच आहे.

पादचारी: २०२३ मध्ये १.७ लाख मेले हेपण त्यातच आहे, ते बरं सोडलंत.

कांदेवाला: लायसन काय घेऊन बसलात, दीड टन पासिंगच्या पिकअपात तीन टन कांदा जातो त्यावर बोला की. स्प्रिंगचे पाटे सरळ झालेले असतात, मागून बघितलं तर गाडी आभाळाकडे तोंड करून चाललेली.

घाटमाथा: भरतो कोण? तुम्हीच ना? दोन फेऱ्यांचं भाडं मागितलं की "दुसरी गाडी बघतो" म्हणता.

कांदेवाला: भाव पडल्यावर दोन फेऱ्या परवडतात का रे, शेती केलीस कधी?

घाटमाथा: केली म्हणूनच गाडी घेतली. अरेतुरे नको.

पादचारी: वा, म्हणजे शेतकरी बिचारा, गाडीवाला बिचारा, चूक फक्त मी रस्त्याने चालतो ही. बरं, टीआरच्या शिक्क्याने ब्रेक लागत नाहीत, एवढं मान्य, आणि तो शिक्का एजंट कसा आणून देतो तेही बघितलंय. पण तीन टनाचं उत्तर दोघांनीही दिलेलं नाही.

कांदेवाला: आमच्याकडे दोनच टन भरतात.

पादचारी: मगाशी तीन होते. काट्याची पावती टाका.