प्रेम की टोळी? जपानच्या 'लेडीज'बद्दल थोडं

"प्रेमात पडली की टोळीतली मुलगी बदलते, मग निष्ठा कसली?" असं मत वाचलं, ते मला पटलं नाही. जपानमधल्या बोसोझोकू टोळ्यांचं उदाहरण देते.

१९८२च्या सुमारास, ऐन भरात असताना, पोलिसांच्या हिशेबी या मोटरसायकल टोळ्यांत ४२ हजारांहून जास्त पोरं होती. मुलींच्या स्वतंत्र टोळ्यांना 'लेडीज' म्हणत. तो लांब अंगरखा, तोक्कोफुकू, त्यावर टोळीचं नाव आणि वचनं भरतकामात! तो अंगावर चढवला की ती मुलगी कुणाची लेक किंवा मैत्रीण राहत नसे, टोळीची होई. घरात, शाळेत कुणी विचारत नसताना इथे तिची वाट पाहणारं कुणीतरी असे. हे आधी समजून घ्यायला हवं.

त्याआधीच्या 'सुकेबान' म्हणजे गुंड मुलींच्या गटांत तर दुसरीचा मित्र पळवणं हा मोठा गुन्हा, तो करणाऱ्या मुलीला सिगारेटचे चटके देण्यापर्यंत शिक्षा असे. मला हे क्रूर वाटतं, त्याचं समर्थन नाहीच. पण राग प्रेमावर नव्हता, मैत्रिणीच्या विश्वासघातावर होता.

शिवाय तेव्हा सज्ञानतेचं वय २०. त्यानंतर पकडलं गेलं तर शिक्षा मोठ्यांसारखी, म्हणून त्याआधीच निवृत्ती घ्यायची रीत. म्हणजे अंगरखा कधीतरी उतरणारच होता. सोळा-सतराच्या पोरीला एका मुलासाठी तो आधीच उतरवावासा वाटला, तर तिला गद्दार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.