स्मृतिभ्रंश : संशोधनाचा पैसा औषधाच्या शोधात जावा, की घरच्या काळजीवाहकापर्यंत पोहोचावा?

ओसरी (धागाकर्ती)

माझी आई स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यानंतर सात वर्षांनी गेली. त्या काळात आम्ही तीन डॉक्टर बदलले. प्रत्येकाने औषधाची चिठ्ठी दिली. परंतु आंघोळ घालताना ती हात उगारते तेव्हा काय करावे, किंवा पहाटे तीन वाजता साडी नेसून शाळेत शिकवायला निघते तेव्हा तिला काय सांगावे, हे एकानेही सांगितले नाही. ते मी चुकत शिकले, आणि माझ्या चुकांचा त्रास तिला झाला.

भारतातील ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीतून 2023 मध्ये जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार साठीपुढच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशासह जगत आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आहे. यांतील बहुतेकांची शुश्रूषा घरातच होते आणि ती करणाऱ्याला कोणतेही प्रशिक्षण मिळालेले नसते.

असे प्रशिक्षण देता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यातील दोन तालुक्यांत 81 कुटुंबांवर झालेला एक यादृच्छिक प्रयोग (म्हणजे मदत आधी कोणाला द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवलेला) 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरोघरी जाणारे सल्लागार डॉक्टर किंवा परिचारिका नव्हते. ती स्थानिक भाषा बोलणारी, लिहिता-वाचता येणारी साधी माणसे होती. त्यांना आठवडाभराचे प्रशिक्षण देण्यात आले आणि पाठीशी एक समुपदेशक व अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ होता. सहा महिने, साधारण पंधरा दिवसांतून एकदा ते घरी जात, आजार समजावून सांगत, वागणुकीतील अडचणींवर उपाय सुचवत आणि कुटुंबाला सरकारी योजनांची माहिती देत. ज्या काळजीवाहकांना ही मदत मिळाली त्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागणुकीमुळे होणारा मनस्ताप कमी झाला.

माझे म्हणणे असे की, स्मृतिभ्रंशासाठी आपल्याकडे जो थोडा सार्वजनिक पैसा आहे, त्यातील मोठा वाटा येती दहा वर्षे अशा कामांच्या संशोधनावर आणि प्रसारावर खर्च व्हावा. औषधाच्या शोधावर श्रीमंत देश आणि मोठ्या कंपन्या खर्च करतच आहेत. माझ्या आईसारख्या स्त्रीच्या घरी पंधरा दिवसांनी कोणी यावे, यासाठी मात्र दुसरे कोणी पैसे देणार नाही.

सूक्ष्मदर्शी

ओसरीताई, आपल्या अनुभवाविषयी मला आदर आहे, तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. मी चेतापेशींवर प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे माझा कल कोणीकडे असेल हे वाचकांनी गृहीत धरावे.

एड्सचा इतिहास पाहा. 1987 मध्ये पहिले औषध आले तेव्हा त्याचा परिणाम अल्पकाळ टिकत असे आणि दुष्परिणाम बरेच होते. त्या वेळी कोणी म्हटले असते की औषधांचा नाद सोडून मरणाऱ्यांची सेवा करण्यातच पैसा घालू, तर ते माणुसकीला धरूनच वाटले असते. पण 1996 च्या सुमारास अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत आली आणि तो आजार मरणाची शिक्षा राहिला नाही. स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण असलेल्या आजाराला ज्यांचे नाव आहे, त्या जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाच्या मेंदूतील बदल 1906 मध्ये ट्यूबिंगेनच्या सभेत मांडले. त्यानंतर शतकाहून अधिक काळाने, 2023 मध्ये, आजाराचा वेग थोडा तरी कमी करणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत घसरण 27 टक्क्यांनी मंदावली. ही सुरुवात आहे, आणि सुरुवातीलाच पाठ फिरवणे परवडणारे नाही.

दुसरे, ‘श्रीमंत देश करतच आहेत’ हे पुरेसे उत्तर नाही. त्यांच्या चाचण्यांत आपली माणसे अगदी थोडी असतात. आपल्याकडे मधुमेह लवकर जडतो, शिक्षणाची वर्षे कमी असतात आणि जनुकीय घडण वेगळी असते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर परिसरात 45 वर्षांपुढील ग्रामस्थांचा दीर्घकालीन अभ्यास आरंभला असून दहा हजार माणसांपर्यंत पोहोचण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. आपला मेंदू कसा म्हातारा होतो हे आपण पाहिले नाही, तर आपल्यासाठी ते दुसरे कोण पाहणार?

ओसरी

एड्सचा दाखला बळकट आहे, हे मी मान्य करते. मात्र ते 27 टक्के वाचकांपुढे पूर्ण उलगडून ठेवायला हवेत. 18 गुणांच्या मोजपट्टीवर औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात 0.45 गुणांचा फरक होता. चाचणीत हे औषध दर पंधरा दिवसांनी शिरेतून दिले गेले, वरचेवर एमआरआय काढावा लागतो, आणि चाचणीत औषध घेणाऱ्या सुमारे 12.6 टक्के लोकांच्या मेंदूत सूज आढळली होती. शिवाय ते अगदी आरंभीच्या अवस्थेतील, तपासणीने खात्री झालेल्या रुग्णांसाठीच आहे. ऑगस्ट 2024 मध्ये ब्रिटनने त्याला परवाना दिला. पण तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी उपचारांचे मूल्यमापन करणाऱ्या संस्थेने त्याच वेळी आपल्या मसुद्यात म्हटले की लाभ इतका अल्प आहे की खर्चाचे समर्थन होत नाही. ब्रिटन जिथे थांबले तिथे आमचा जिल्हा रुग्णालयाचा कक्ष काय करणार?

श्रीनिवासपूरच्या अभ्यासाला माझा विरोध नाही. तो प्रयोगशाळेपेक्षा माणसांच्या दाराशी अधिक जवळ आहे.

तिन्हीसांज

मला तुम्हा दोघांशीही भांडायचे आहे, आणि ते मी मनापासून करीत आहे.

‘कुटुंबाला आधार’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या कुटुंबातले नेमके कोण, हे कोणीच बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या शुश्रूषेचे सुमारे 70 टक्के तास स्त्रिया देतात. आमच्या घरात ते शंभर टक्के होते. मी ठाण्यात राहते. सासूबाईंसाठी ब्युरोतून आलेल्या मावशी तिसऱ्या दिवशी सोडून गेल्या, कारण सासूबाई त्यांना चोर समजून ओरडत. त्यानंतर मी नोकरी सोडली. दीर मुलुंडला राहतात. रविवारी येऊन ‘आई किती छान दिसतेय’ म्हणतात. तिन्हीसांज झाली की सासूबाई दार वाजवू लागतात आणि ‘मला घरी सोडा’ म्हणत राहतात. मी त्यांच्या घरातच त्यांच्यासोबत उभी असते.

ओसरीताई, गोव्याचा तो प्रयोग मीही वाचला आहे. त्यातील एक गोष्ट आपण सांगितली नाहीत. काळजीवाहकाचे मन सावरले, मनस्ताप कमी झाला, हे खरे. पण शुश्रूषेच्या भारात लक्षणीय फरक पडला नाही. पडणार तरी कसा? सल्लागार आला, चांगले बोलला आणि निघून गेला. रात्रीचे जागरण, ओल्या चादरी, भात भरवणे हे सगळे त्याच बाईकडे राहिले. तिला अधिक सोसण्याचे शिक्षण मिळाले, आणि त्यालाच आपण यश म्हणत आहोत.

मला दिवसभराची केंद्रे हवी आहेत. सकाळी नेऊन सोडावे आणि संध्याकाळी आणावे अशी. महिन्यातून चार रात्री झोप मिळेल अशी विसाव्याची सोय हवी आहे. सत्तरीपुढच्या सर्वांना 2024 पासून आयुष्मान भारतमध्ये पाच लाखांचे संरक्षण मिळाले ही चांगली गोष्ट आहे. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर लागू होते, आणि स्मृतिभ्रंशाची खरी वर्षे घरातच जातात. संशोधन करायचेच असेल तर याचे करा की एका केंद्रामुळे किती बायकांची नोकरी टिकली.

मांडवीकाठ

तिन्हीसांजताईंचा राग रास्त आहे. तरी केंद्र हाच मार्ग, हे मला पटत नाही. आमच्या गावातून तालुक्याला जायला दोन बस बदलाव्या लागतात. माझे वडील आयुष्यभर मराठी शाळेत शिकवत होते. शेवटच्या वर्षांत त्यांची मराठी हळूहळू ओसरली आणि लहानपणची कोंकणी तेवढी राहिली. अनोळखी खोलीत, अनोळखी भाषेत त्यांना दिवसभर बसवले असते तर ते संध्याकाळपर्यंत रडले असते. अंगणातल्या माडाखाली ते शांत असत. घरी येणारा, गावची बोली बोलणारा माणूस हा कमी खर्चाचा पर्याय म्हणून मी मागत नाही. ते त्या आजाराच्या स्वभावाला धरून आहे.

गोव्याच्या प्रयोगाविषयी एक भर घालतो. तो चालू असतानाच त्या 81 पैकी 18 रुग्णांचा मृत्यू झाला. इतक्या उशिराच्या टप्प्यावर मदत पोहोचत असेल, तर भार कमी झाला नाही याचे आश्चर्य वाटायला नको. मदत आधी मिळायला हवी. आमच्या घरी तर ती कधीच आली नाही.

तालुका दवाखाना

मी एका तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करतो. आपण जिथून वाद सुरू केला आहे, त्याच्या बऱ्याच अलीकडे माझे रुग्ण अडकलेले असतात. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून लोक त्यांना आणतच नाहीत. आणतात तेव्हा कारण पडल्याचे किंवा तापाचे असते. काहींना बी-12 ची कमतरता असते, कोणाला थायरॉइड, कोणाला नैराश्य, क्वचित डोक्याला मार लागून साचलेले रक्त. या गोष्टींवर इलाज आहे, आणि त्या शोधल्याशिवाय स्मृतिभ्रंशाचा शिक्का मारणे हा अन्याय आहे.

निदानाची साधनेही आपल्याला हवी तशी नाहीत. न शिकलेल्या आजीला आकडे उलटे मोजायला लावून तिची बुद्धी ठरवता येत नाही. हरियाणातील बल्लभगड भागासाठी नव्वदीच्या दशकात हिंदीत निरक्षरांना विचारता येईल अशी चाचणी बेतली गेली, तसे काम प्रत्येक बोलीसाठी होणे हेही संशोधनच आहे, आणि त्याला प्रचंड पैसा लागत नाही.

आणखी एक कळकळीची विनंती. रुग्ण ‘शांत व्हावा’ म्हणून मनोविकारावरील तीव्र औषधे दुकानातून परस्पर आणून देऊ नका. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांत या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला आहे. घरच्या माणसाला समजावणारे कोणी नसते, तेव्हाच ही गोळी हाताशी येते.

सूक्ष्मदर्शी

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून सांगतो. लॅन्सेट या नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने 2024 मध्ये बदलता येण्याजोगे 14 धोके मांडले : कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, हवेचे प्रदूषण, एकाकीपण इत्यादी. ते सर्व दूर करता आले, तर जगातील सुमारे 45 टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा त्यांचा अंदाज आहे. हे ज्ञान मूलभूत आणि लोकसंख्येवरील संशोधनातूनच आले.

ओसरीताई, शुश्रूषेच्या कार्यक्रमांनाही औषधांइतकीच कठोर कसोटी लागली पाहिजे, हे माझे आता मुख्य म्हणणे आहे. इंग्लंडमधील लंडन व एसेक्स भागात 260 काळजीवाहकांवर झालेल्या एका प्रयोगात मानसशास्त्राच्या पदवीधरांनी घरी जाऊन आठ बैठका घेतल्या आणि नैराश्यावरील परिणाम सहा वर्षांनीही टिकला. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेचा संगणकावरून शिकण्याचा कार्यक्रम भारतात तपासला गेला, तेव्हा पुष्कळांनी तो अर्धवट सोडला आणि भार किंवा नैराश्य यांत उल्लेखनीय फरक दिसला नाही. माणूस दारात येणे आणि पडद्यावर धडा दिसणे यांत इतके अंतर आहे. सरकारला दुसरा मार्ग स्वस्त वाटेल, आणि ‘काळजीवाहकांना आधार’ या नावाखाली तोच राबवला जाईल, ही माझी भीती आहे.

ओसरी

ही भीती मलाही आहे, आणि इथे आपण दोघे एका बाजूला आलो आहोत.

तिन्हीसांजताई, भाराची गोष्ट मी गाळली, ही माझी चूक आहे. मला तो प्रयोग इतका प्रिय आहे, की त्यात जे साधले नाही त्याकडे मी डोळेझाक केली. मन सावरणे ही लहान गोष्ट नाही. मी स्वतः आईला एकदा हाताला धरून ओढले होते, आणि त्या दिवशी माझ्याशी बोलायला कोणी असते तर मी तसे केले नसते, असे मला आजही वाटते. पण मन सावरलेली बाईही रात्रभर जागीच असते. म्हणून माझी मागणी मी सुधारते : घरी येणारा सल्लागार आणि हातांना विसावा देणारी व्यवस्था, दोन्ही एकत्र, आणि परिणाम मोजताना काळजीवाहकाची झोप, तिची कमाई आणि घरातील इतरांनी उचललेले तास मोजले जावेत. मांडवीकाठ म्हणतात तसे ठिकाण गावागावानुसार बदलेल. ठाण्यात ते केंद्र असेल, तुमच्या गावी अंगणात येऊन बसणारी व्यक्ती असेल.

तिन्हीसांज

‘इतरांनी उचललेले तास’ मोजणार असाल तर माझा विरोध बराच मावळतो, कारण तो आकडा कागदावर आला की दिरांना रविवारखेरीजही यावे लागेल.

एक व्यवहाराची गोष्ट मात्र लिहून ठेवा. गेल्या वर्षी आमच्या भागात काळजीवाहकांसाठी दोन तासांची बैठक होती. मी नाव दिले होते. गेले नाही, कारण त्या दोन तासांत सासूबाईंजवळ बसायला कोणी नव्हते. जो कोणी हा प्रयोग आखेल, त्याने आधी ती व्यक्ती आमच्या घरी पाठवावी आणि मग मला बैठकीला बोलवावे.