फायर वॉचरच्या कामाला जाऊ का? उन्हाळाभर जंगलात काय करावं लागतं?

धानपट्टीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. मी सिंदेवाही तालुक्यातला. बीए झालं, वनरक्षक भरतीची तयारी चालू आहे. आमच्या बीटच्या, म्हणजे आमच्याकडच्या जंगलाच्या, गार्डसाहेबांनी विचारलं, हंगामी अग्निरक्षक मजूर म्हणून येतोस का? १५ फेब्रुवारी ते १५ जून, रोजीनं काम. मला जायचं आहे, पण घरी आई ऐकत नाही. तिचं म्हणणं, मोहाची फुलं वेचायच्या दिवसात लोक पोटासाठी जंगलात जातात अन् जीव मुठीत धरून येतात, तू कशाला हौसेनं जातोस.
तर ज्यांनी हे काम केलं त्यांना विचारतो. दिवसभर नेमकं काय करावं लागतं? आग विझवतात कशानं? सोबत काय ठेवू? आणि भरतीत याचा काही फायदा होतो का?

रानोमाळ:
अरे जा ना, विचारतो काय! लोक ताडोब्यात जिप्सीला हजारो रुपये मोजतात, तुला पैसे देऊन सफारी घडवून राहिले.

जाळरेषावाला:
सफारी म्हणणाऱ्या भाऊनं एप्रिल महिन्यात दुपारी दोन वाजता पाठीवर पाला उडवायचा ब्लोअर घेऊन नुसता एक किलोमीटर चालून दाखवावा, मंग बोलू.

मी दर उन्हाळ्यात हेच काम करतो, चंद्रपूर जिल्ह्यातच. बाकी वर्षभर धानाची शेती अन् भेटेल ते. तर बाबू, आग विझवणं हा या कामातला लहान हिस्सा आहे. मोठा हिस्सा म्हणजे पाला सरकवणं. जाळरेषा तुले माहीत असतील, जंगलात पट्टा कापून हंगामाच्या आधीच जाळून ठेवतात, आग इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. पण साग काही एका दिवसात पानं टाकून मोकळा होत नाही. फेब्रुवारीत साफ केलेली रेषा मार्चमधी पाहिली तर पुन्हा झाकलेली, एकेक पान सुपाएवढं. मंग पुन्हा साफ करा. वारा सुटला की आठ दिवसांनी पुन्हा. पहिले झाडूनं अन् डहाळ्यांनी करत होते, आता ब्लोअर आला. काम लवकर होते हे खरं, पण संध्याकाळी जेवताना हात घास धरत नाही, थरथरतो.

आगीची खबर दोन रस्त्यांनी येते. एक तर कोणी धूर पाहून फोन करते. दुसरं उपग्रह. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था मोबाईलवर अलर्ट पाठवते, गार्डसाहेबाच्या फोनवर येतो तो. आता त्यातली गोम ऐक. ज्या उपग्रहावरून बहुतेक अलर्ट येतात तो आपल्या डोक्यावरून दुपारी दीडच्या अन् रात्री दीडच्या सुमारास जाते. म्हणजे सकाळी नऊ वाजता लागलेली आग त्याले दुपारीच दिसन. अन् त्याचा एकेक चौकोन ३७५ मीटरचा. मोबाईल म्हणते इथं आग, तू पोचतो तर तिथं काहीच नाही, आग नाल्याच्या पल्याड. कधी तर जंगलच नसते, कोणी शेतकऱ्यानं बांधावर पऱ्हाटी जाळलेली असते. त्याच्यामुळे मचाणावर बसलेला, धुराचा रंग ओळखणारा म्हातारा मजूर आजही लागतेच. पांढरा धूर म्हणजे ओला पाला, काळसर म्हणजे काहीतरी जाड पेटलं. हे मले कोणत्या ॲपनं नाही शिकवलं.

विझवतात कशानं, तर हिरव्या डहाळीनं. पाण्याचा टँकर जंगलात कुठं नेशील? डहाळीनं मारताना उचलून आपटायची नाही, ठिणग्या उडतात. दाबून ओढायची, जळालेल्या बाजूकडे. आगीच्या तोंडासमोर जायचं नाही, बाजूनं धरायची, अन् पाय नेहमी जळालेल्या जमिनीवर. मोठी असली तर रेषेवरून उलटी आग लावतात, दोन्ही भेटल्या की खायले काही उरत नाही. पण ते साहेबाच्या हुकमाशिवाय कोणीच करायचं नाही, तू तर बिलकुलच नोको. दुपारी वारा असते, म्हणून पुष्कळदा आम्ही नुसती नजर ठेवतो अन् रात्री वारा पडल्यावर भिडतो. रात्री आगीची लाईन साफ दिसते. बांबूचं रान असलं की पेरं फुटायचे आवाज येत रायतात. विझली म्हणून घरी आलं की संपलं नाही. पडलेला ओंडका, वाळला खुंट, गव्याचं शेण आतून धुमसत रायते अन् दुसऱ्या दिवशी उन्हं चढली की पुन्हा पेटते. म्हणून सकाळी पुन्हा जाऊन राखेत हात फिरवून पाहावं लागते, म्हणजे हाताची उलटी बाजू जवळ नेऊन.

एप्रिलनंतर पाणवठ्याचं काम वाढते. सोलर पंप चालू आहे का, सिमेंटची ताटली फुटली का, हे तर आहेच. पण पहिले कडेनं पाहायचं. मेलेलं पाखरू, फेस, वेगळा वास, पाण्यातले किडे जिवंत आहेत का. उन्हाळ्यात शिकारी पाण्यात विष टाकतात, जनावर पाण्यावर येणारच हे त्याले माहीत असते. तसंच शेताच्या काठानं, विजेच्या तारांखालून चालताना जमिनीलगत ताणलेला बारीक तार दिसला तर हात लावू नोको. ११ हजार व्होल्टच्या लाईनवर आकडा टाकून लावलेला असू शकते. तिथंच थांबून फोन करायचा.

वाघाचं विचारलं नाहीस, पण आईले तेच पायजे असन. दोघं-तिघं मिळून चालायचं, बोलत चालायचं, काठी आपटत. वाकून, उकिडवं बसून काही करायचं नाही. बसलेला माणूस वाघाले माणूस वाटत नाही, म्हणून तर मोह वेचणाऱ्या बायांवर जास्त हल्ले होतात. दिसलाच तर पळायचं नाही, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकायचं. मी खरं सांगू, मले वाघापेक्षा अस्वलाचं भेव वाटते. पहाटे मोहाखाली ते फुलं खायले येते अन् त्याचं डोकं खाली असते. आपण त्याले दिसत नाही, ते आपल्याले दिसत नाही.

अन् सफारी पायजेच असन तर बुद्धपौर्णिमेची रात्र आहे. मचाणावर रात्रभर बसून पाणवठ्यावर आलेलं जनावर लिहायचं. वाघांची मोजणी आता कॅमेरा ट्रॅपनं होते, मचाणाची रात्र पर्यटकांच्या निसर्गानुभवासाठी राहिली, पण आम्हाले त्यांच्यासोबत बसवतात. मागं एकदा रात्रभर नुसती डुकरं अन् एक सायाळ. सोबतचे पुण्याचे काका वैतागून झोपले. पहाटे चारच्या पुढं गव्यांचा कळप आला, वीसेक तरी होते, पिल्लं मधात घेऊन. इतके भारी जनावरं अन् सुकल्या पाल्यावर पायाचा आवाज नाही. काकाले उठवलं नाही मी. उठले असते तर फ्लॅश मारला असता.

मोहाखालची:
भाऊनं सगळं बरोबर लिहिलं, पण आग कोण लावते ते नाही लिहिलं. आम्हीच लावतो, म्हणजे आमच्यातले पुष्कळ जण. आता बोलायचं तर बोला.

मोहाचं फूल रात्री अन् पहाटे गळते. खाली पाला असला तर फूल दिसत नाही. एका घराचे पाच-सहा झाडं रायतात, लांब लांब. झाडून घ्यायचं म्हटलं तर एका झाडाखाली अर्धा घंटा जाते, तेवढ्यात दुसऱ्याखालचे फुलं ढोरं खातात नाहीतर हरणं. काडी लावली की दहा मिनिटात जमीन साफ. तेंदूची पानं तोडायच्या वेळी पण तसंच, जळाल्यावर नवीन पान कोवळं फुटते असं जुने लोक म्हणतात. ७० पानांचा एक पुडा, त्याचे पैसे. पान चांगलं नसलं तर फडीवर, म्हणजे पुडे मोजून घेतात तिथं, पुडा फेकून देतात.

आमच्याकडे एक फायर वॉचर पोट्टा यायचा, येऊन कायद्याचं बोलायचा, १९२७ चा कायदा, जेल होईन. बाया हो म्हणायच्या अन् तो गेला की काडी लावायच्या. दुसरा आला तो खराटा घेऊन यायचा. आदल्या संध्याकाळी दोन-चार झाडाखालचं झाडून द्यायचा, म्हाताऱ्या बायांचं पहिले. आता आम्ही जुन्या लुगड्याचे तुकडे जोडून खाली अंथरतो, काही जणींना जाळी भेटली. सगळं बंद झालं असं नाही म्हणत मी. पण त्या पोट्ट्याच्या भागात कोणी पेटवलं तर बायाच फोन करायच्या.

सिपनाकाठ:
मेळघाटातून लिहितो. वरचं सगळं चंद्रपूरच्या सपाटीचं आहे, आमच्याकडे उतार आहेत. आग चढावर माणसापेक्षा जोरात पळते, म्हणून आगीच्या वरच्या अंगाला उभं राहायचंच नाही. खालून धरायची. पण खालीही बेसावध राहता येत नाही, पेटलेला ओंडका घरंगळत रेषा ओलांडून खाली येतो अन् खालचं पेटवतो. एक माणूस फक्त तेवढंच पाहायला ठेवतो आम्ही. शिवाय गावं उठून गेली त्या जागी गवताची मोठी कुरणं झालीत, तिथली आग डहाळीनं थांबत नाही, तिथं फक्त रेषा कामाला येते.

ब्लोअरबद्दल माझं मत वेगळं आहे. अंगावर आलेल्या बारीक आगीला पाला मागं उडवायला ब्लोअर उत्तमच, पण नवख्या हातात दिला तर तो आगीलाच वारा घालतो. पहिला महिना मागू नकोस.

धानपट्टीचा_पोरगा:
सगळ्यांचे आभार. मोहाखालची ताई, तुमचं आईला वाचून दाखवलं, ती काहीच बोलली नाही, पण मग म्हणाली की खराटा घरातला नेऊ नको. म्हणजे अर्धा होकार समजतो. जाळरेषावाले दादा, सोबत काय घेऊ आणि भरतीचं राहिलं.

जाळरेषावाला:
कपडे सुती, पूर्ण बाहीचे. टेरिकॉटचा शर्ट बिलकुल नोको, ठिणगी पडली की वितळून कातडीले चिकटते. दुपट्टा ओला करून तोंडाले बांधायले. चामड्याचा बूट, कॅनव्हासचा नाही. पाणी दोन बाटल्या आपल्या वेगळ्या, अन् आंबील घरून नेत जा. साखरेचं कोल्ड्रिंक प्यायला तर तासाभरात पुन्हा तहान. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसात, अकराच्या आत चालायचं काम संपवायचं. दाटीत शिरण्याआधी वेली पाहून घे, खाजकुहिलीच्या वाळल्या शेंगा असल्या तर वाऱ्यानं तिची कूस अंगावर येते. आली तर खाजवू नोको, अंगावर शेण-माती थापून वाळू दे, मंग धू. मोहोळाखाली बिडी ओढणाऱ्यापासून लांब रायजो. मजुरी कधी अन् कशी भेटन ते पहिल्याच दिवशी विचारून घे, लाजू नोको.

भरती वेगळी गोष्ट आहे. तिथं लेखी पेपर, मंग पोरांना ५ किलोमीटर धाव अन् ४ तासात २५ किलोमीटर चाल. चाल तर इथं आपोआपच होते. धाव मात्र बिघडते, दिवसभर चालून पाय जड होतात, मी पाहिलं आहे पोरांचं. धावायचं असन तर कामावर जायच्या आधी, उजाडता उजाडता, अन् गावाच्या डांबरी रस्त्यावर, जंगलाच्या रस्त्यावर नाही. पेपरची पुस्तकं जंगलातल्या आपल्या कुटीवर नेजो, दुपारचे दोन-तीन घंटे कोणीच हालत नाही, वाचून होते.

अन् सिपनाकाठ भाऊ म्हणते ते ऐक, ब्लोअर मागू नोको. दिलाच तर कानात कापूस घालजो.