घरातल्या फोटोंसाठी छोटा कॅमेरा घेताय? झूम बघू नका, लेन्स किती उघडते ते बघा

धागा

सरळ मुद्द्यावर येतो. संध्याकाळनंतर घरात, दिव्याच्या उजेडात घरच्या माणसांचे फोटो काढायचे असतील तर छोटा कॅमेरा घेताना झूम किती पट आणि मेगापिक्सेल किती हे विचारणं बंद करा. दोनच गोष्टी विचारा, सेन्सर (उजेड टिपणारा आतला तुकडा) केवढा आणि ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं भोक) किती मोठं. मी उलटं केलं होतं, लांबलचक झूमवाला घेतला, बाहेर उन्हात काढलेले त्याचे फोटो खरंच छान आहेत. पण मुलगी रांगायला लागली, पहिल्यांदा आधाराशिवाय उभी राहिली, हे सगळं घरातच झालं ना, आणि त्या फोटोंत तिचा चेहरा ओळखू येत नाही इतका हललाय. ते क्षण आता परत काढता येणार नाहीत, म्हणून एवढं तळमळीने लिहितोय.

आपल्या डोळ्यांना घरातला उजेड भरपूर वाटतो पण तो फसवा आहे. भर उन्हात लाखभर लक्स (उजेडाचं माप) असतात, रात्री दिवे लावलेल्या खोलीत शे-दीडशे. म्हणजे कॅमेऱ्याला जवळजवळ हजारपट कमी उजेडात काम करायचंय. अशा वेळी एफ १.८ ची लेन्स (आकडा लहान तितकं भोक मोठं) एफ ५.६ पेक्षा नऊ-दहा पट उजेड आत घेते. त्याच आयएसओला (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) एफ ५.६ ला १/२५ शटर (म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग उघडा) मिळत असेल तर एफ १.८ ला १/२५० च्या आसपास मिळतो, आणि धडपडणाऱ्या पोराचा फोटो हलणार की नाही ते इथेच ठरतं.

सेन्सरचं पण तसंच. लांब झूमवाल्या छोट्या कॅमेऱ्यांत बहुतेक वेळा १/२.३ इंची सेन्सर असतो, साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. ज्याला एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ (नावात इंच असला तरी कुठलीच बाजू इंचभर नाही, हे नाव जुन्या व्हिडिओ ट्यूबच्या मापावरून चालत आलंय). क्षेत्रफळ चौपट.

माझ्या यादीत सोनी आरएक्स१०० ची तिसरी ते पाचवी आवृत्ती आहे, २४ ते ७० ची लेन्स (लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे झूम), एफ १.८ ते २.८. कॅनन जी७ एक्स मार्क २ पण तितकाच उघडतो आणि १०० पर्यंत जातो. पॅनासॉनिक एलएक्स१०० चा सेन्सर तर एक इंचीपेक्षाही मोठा. आणि नवीन आहे म्हणजे घरात चांगला असेलच असं समजू नका, आरएक्स१०० च्या सहाव्या-सातव्या आवृत्तीत झूम २०० पर्यंत नेला आणि लेन्स एफ २.८ ते ४.५ झाली. प्रवासाला मस्त, घरातल्या अंधाराला मागचीच बरी.

तुमची मतं सांगा, विरोध असेल तर जरूर करा.

प्रतिसाद १

पूर्ण असहमत. आज कोणी घरातल्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घ्यावाच का? फोन एका क्लिकमध्ये आठ-दहा फ्रेम घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, नॉइज (फोटोतले दाणे) घालवतो. गूगलने पिक्सेल फोनमध्ये अंधारात फोटो काढायचं नाइट साइट आणलं ते २०१८ मध्ये, त्यानंतर सगळेच पुढे गेलेत. बाळ उभं राहतं तेव्हा कॅमेरा कपाटात असतो आणि फोन हातात. कॅमेरा काढून, चालू करून, लेन्स बाहेर येईपर्यंत बाळ बसलेलं असतं हो. शिवाय फोटो लगेच आजी-आजोबांना पाठवता येतो. तुमचा हिशोब बरोबर असेल पण फोटो काढलाच नाही तर ॲपर्चर घेऊन करायचं काय.

धागाकर्ता

हाताशी असण्याचा मुद्दा मान्य, त्यावर वाद नाही. पण फ्रेमा एकमेकींवर बसवायची युक्ती स्थिर माणसाला लागू पडते. आजोबा खुर्चीत पेपर वाचत बसलेत, फोन भारीच काढतो. मूल हललं की दहा फ्रेमांत हात दहा ठिकाणी, मग सॉफ्टवेअर एकतर त्या भागासाठी एकच फ्रेम वापरतं नाहीतर पुसून गुळगुळीत करतं. स्क्रीनवर छान दिसतो, प्रिंट काढली की गालाचं कातडं मेणासारखं दिसतं. मला भिंतीवर लावायचे आहेत फोटो.

प्रतिसाद २

तुम्ही दोघंही फ्लॅशबद्दल एक अक्षर बोलला नाहीत याचं आश्चर्य वाटलं. "फ्लॅश बंद ठेवा" हा सल्ला सगळे देतात आणि तो अर्धवट आहे. समोरून थेट मारलेला फ्लॅश वाईट, मान्य, लेन्सला चिकटून असल्यामुळे डोळे लाल येतात, मागची भिंत काळी पडते, कारण अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथ्या हिश्शावर येतो. पण तोच उजेड पांढऱ्या छतावर मारला तर सगळ्या खोलीत मऊ पसरतो आणि फ्लॅशची लकाकी साधारण एक हजारांश सेकंद किंवा त्याहूनही कमी असते, तेवढ्यात कुठलं पोर हलणार? सोनीच्या ज्या आरएक्स१०० ची तुम्ही नावं घेतलीत त्यांचा छोटा फ्लॅश बोटाने मागे दाबून धरता येतो, तो छताकडे बघतो, आयएसओ थोडा वाढवायचा की झालं. छत रंगीत असेल तर मात्र तो रंग चेहऱ्यावर उतरतो आणि छत फार उंच असेल तर एवढ्याशा फ्लॅशचा जोर पुरत नाही. पांढरं छत असलेल्या घरात मी वर्षानुवर्षं असेच काढतेय.

घेताना हेही बघा की फ्लॅश आहे का. एलएक्स१०० मध्ये आत नाही, वेगळा छोटा लावावा लागतो. रिको जीआर ३ मध्ये पण नाही.

जुन्या लोकांना फुजी एफ३० आठवत असेल, २००६ चा, फक्त ६ मेगापिक्सेल, आयएसओ ३२०० पर्यंत जायचा. त्या काळात घरातल्या फोटोंसाठी लोक त्याचंच नाव घ्यायचे. लेन्स एफ २.८ चीच होती, पण सेन्सर चांगला आणि फ्लॅश शहाणा, समोरचा चेहरा पांढराफटक करायचा नाही, मागची खोलीही दिसायची. म्हणून म्हणते, लेन्सच्या आकड्यावरच सगळं ठरत नाही.

प्रतिसाद ३

वरच्या ताईंचा अनुभव मोठा आहे पण मला फ्लॅश नकोच वाटतो, छतावरून मारलेला पण. आमची आई फ्लॅश उडाला की पुढच्या फोटोला चेहरा आवळून बसते. तान्हं झोपलं असेल तर प्रश्नच मिटला. आणि संध्याकाळचा जो पिवळा उजेड असतो, ज्यात घर घरासारखं दिसतं, तो फ्लॅशने धुऊन निघतो. पिवळा बल्ब २७०० ते ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), फ्लॅश साडेपाच हजारांच्या आसपास, दोन्ही एकत्र आले की चेहरा एका रंगाचा आणि भिंत दुसऱ्याच रंगाची.

फ्लॅशऐवजी दिवा हलवा. टेबललॅम्प भिंतीकडे वळवा, माणसाला भिंतीच्या बाजूला बसवा, दिवसा असेल तर खिडकीजवळ. एवढ्यानेच दुप्पट-चौपट उजेड मिळतो.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावाल तर घरात सांभाळून. ५० हर्ट्झच्या विजेवर काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र एकेक ओळ करून वाचतो त्यामुळे फोटोवर आडवे पट्टे येतात. झोपलेल्या बाळाचे माझे कितीतरी फोटो असे वाया गेलेत. मेकॅनिकल शटर लावा, नाहीतर १/५० किंवा १/१०० ठेवा.

प्रतिसाद ४

एवढं सगळं करण्यापेक्षा लेन्स बदलता येणारा छोटा मिररलेस कॅमेरा घ्या आणि त्यावर एक एफ १.८ ची लेन्स कायमची लावून ठेवा. त्यांत मिळणारा एपीएस-सी सेन्सर एक इंचीच्या तिप्पट आहे. फोकस पण जास्त चपळ. विषय संपला.

प्रतिसाद ५

नाही संपला. एपीएस-सी वर एफ १.८ उघडलंत की पुढून मागे स्पष्ट दिसणारा भाग फार कमी होतो. मांडीवर नात आणि मागे आजी, नातीवर फोकस केला तर आजी धूसर. घरातले फोटो बहुतेक दोघातिघांचे असतात. एक इंची सेन्सरवरचं एफ १.८ या बाबतीत फुलफ्रेमच्या (आणखी मोठ्या सेन्सरच्या) जवळजवळ एफ ५ सारखं वागतं, त्यामुळे उजेड एफ १.८ चा आणि दोन्ही चेहरे स्पष्ट. छोट्या कॅमेऱ्याचा हा फायदा लोक कमीपणा समजतात. अर्थात पाठीमागचा पसारा पण स्पष्ट येतो, तो आधी उचलावा लागतो.

मात्र धागाकर्त्यांनी एक सांगायचं राहिलं. २४ वर जवळून चेहरा काढू नका, नाक मोठं येतं, कडेला बसलेल्याचं डोकं ताणलं जातं. एका माणसासाठी ५०-७० कडे जा. आणि तिथे गेल्यावर ॲपर्चर किती उरतं ते बघूनच घ्या, २०१२ चा पहिला आरएक्स१०० रुंद टोकाला एफ १.८ आणि लांब टोकाला थेट ४.९ आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात पहिला आकडा असतो, तुम्हाला दुसरा लागणार आहे.

प्रतिसाद ६

मला वाटतं तुम्ही सगळे खरेदीकडे फार लवकर पळताय. धागाकर्त्यांना विचारतो, त्या हललेल्या फोटोंची माहिती उघडून शटर किती होता ते बघितलंत का? फुल ऑटोवर बरेच कॅमेरे घरात १/३० ला येऊन थांबतात, कारण त्यांना वाटतं हात स्थिर आहे, स्टॅबिलायझेशन आहे, पुरे. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, मुलाचा नाही. शटर प्रायॉरिटीला (शटर तुम्ही ठरवायचा, बाकी कॅमेरा बघतो) टाका, बसलेल्या माणसाला १/१२५, खेळणाऱ्या मुलाला १/२५०, आयएसओ ऑटो. फोटोत दाणे येतील. येऊ देत. दाणेदार हसू चालतं, हललेलं चालत नाही. काही कॅमेऱ्यांत ऑटो आयएसओबरोबर किमान शटर ठरवून देता येतो, असा मिळाला तर डोळे झाकून तो घ्या, एफ १.८ असो की २.८.

आणि शटर १/२०० असून फोटो धूसर असेल तर मग दोष फोकसचा. तिथे लेन्स बदलून काही होत नाही, फेज डिटेक्ट (पटकन फोकस धरणारी पद्धत) फोकसवाला लागेल, जसं आरएक्स१०० च्या पाचव्या आवृत्तीपासून पुढे आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा मी, फोनवाला)

हा प्रतिसाद पटला. फोनमध्ये पण तेच आहे, नाइट मोड बंद करून बर्स्ट (एकापाठोपाठ भरभर फोटो) मारला तर पोरांचे फोटो जास्त चांगले येतात, मी करून बघितलंय. पण माझं मत तेच, खिशातला तोच खरा. बर्स्टचं बटण फोनमध्ये कुठे आहे ते घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा, कारण क्षण पकडणारा माणूस दर वेळी तुम्हीच असाल असं नाही.

धागाकर्ता

काल रात्री बसून सगळे फोटो उघडले. ती उभी राहिली तेव्हाचे सात आहेत. शटर १/१५ आणि १/२०. आयएसओ ८००, त्याच्या वर ऑटोने नेलाच नाही. आणि ॲपर्चर एफ ५.६, कारण मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसून झूम केला होता. याच कॅमेऱ्याची लेन्स रुंद टोकाला ३.३ आहे, म्हणजे उठून जवळ गेलो असतो तर जवळपास तिप्पट उजेड मिळाला असता, आयएसओ १६०० केला असता तर आणखी दुप्पट. १/१५ चा १/९० झाला असता. हललाच नसता असं म्हणवत नाही, पण चेहरा ओळखू आला असता.

तरी माझं म्हणणं मी सोडत नाही, १/९० पुरत नाही, तिथून १/२५० गाठायला मोठी लेन्सच लागते आणि ती मी घेणार आहे. कुठली ते ठरायचंय, छतावर फ्लॅश मारता येतो म्हणून आरएक्स१०० चं पारडं जड झालंय. तोवर टेबललॅम्प भिंतीकडे वळवून ठेवलाय. मुलगी आता एक पाऊल टाकते आणि बसते, दोन टाकायच्या आत जमलं पाहिजे.

प्रतिसाद २

खोलीच्या या टोकाला बसू नका, जमिनीवर तिच्या उंचीला बसा, ती तुमच्याकडेच चालत येईल. एका हाताच्या अंतरावर फोकस करून बटण अर्धं दाबून आधीच धरून ठेवा, ती तिथे आली की सोडू नका, पूर्ण दाबा.