'ने' म्हणजे हो, नाही की घे?

आपलं 'ने' तसं गरीब. 'सुरीने काप' म्हणताना मुकाट नामाला चिकटतं, फार तर 'हा डबा ने' असा हुकूम सोडतं. बाहेर मात्र हाच उच्चार भलतेच उद्योग करतो. तुमच्या कानावर कुठल्या भाषेतलं 'ने' पडलंय? ऐकीव नको, स्वतःचं लिहा.

*

रांजणगावला कोरियन कंपनीत क्वालिटीला होतो. साहेब फोनवर सारखे 'ने, ने, ने'. त्याचा अर्थ 'हो', पण बऱ्याचदा नुसतं 'ऐकतोय, बोला', आपण 'हं, हं' करतो तसं. त्यामुळे साहेब 'ने' म्हणाले म्हणून तारीख पक्की धरायची नाही, मेलवर लेखी घ्यायची. त्यांचा सुरुवातीचा 'न' इतका पुसट की कधीकधी चक्क 'दे' ऐकू येतं. मराठी माणसाने काय करावं, न्यावं की द्यावं?

*

ग्रीसमध्येही 'ने' म्हणजे हो. नाही म्हणायला 'ओही'. थेसालोनिकीत याची सवय झाली आणि बसने सोफियाला गेलो. बल्गेरियात 'ने' म्हणजे नाही! त्यात तिथे जुनी माणसं 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात. आमची मान तर जन्मापासून दोन्हीकडे डोलते. तिकीटखिडकीतल्या बाईंना काय कळलं असेल, देव जाणे.

*

माझं सासर बंगाली. सासूबाई ह्यांच्या ताटात माशाचा तुकडा वाढताना 'ने, ने' करतात, म्हणजे 'घे, घे'. आपण 'ने' म्हटलं की वस्तू समोरून जाते, इथे ताटात येते. पण हे 'ने' एकेरीतलं, 'तुई'चं. मला बरीच वर्षं 'नाओ' होतं. गेल्या पूजेत इलिशचं डोकं माझ्या ताटात पडलं ते 'ने' म्हणूनच. काटे काढता काढता जीव गेला, पण नाही म्हणायची सोय नव्हती.

*

इस्तंबूल : 'ने?' म्हणजे 'काय?' 'ने कादार?' म्हणजे 'केवढ्याला?' एवढ्यावर बाजार होतो. घासाघीस हातवाऱ्यांनी.

*

जपानी लोक वाक्याच्या शेवटी 'ने' लावतात. 'सामुई ने', थंडी आहे ना! यावर थर्मामीटर बघायचा नसतो, 'सो देसु ने' म्हणून दुजोरा द्यायचा. मला ते जड गेलं नाही. मुलुंडला लहानपणी शेजारच्या बेनचं 'आवो ने, बेसो ने' रोज ऐकलंय. तिथेही 'ने'चं काम तेच, आग्रहाला मऊपणा आणायचा. फक्त जपानी 'ने'नंतर ढोकळा येत नाही.