धागा: कॉपी प्रोटेक्शनवरून कोर्टात गेलेले लोक फुकटे नव्हते

मुळापासून
काल दुसऱ्या एका धाग्यात 'अर्धाडाव' यांनी लिहिलं की गेममधल्या कॉपी प्रोटेक्शनवर (नक्कल करता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) जे खटले झाले ते सगळे फुकट्यांचे, ज्याला चोरायचंच नाही त्याला कुलपाचा त्रास कसला. तिथे उत्तर द्यायला बसलो आणि ते लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

अहो, फुकट्याला कोर्टात जायची गरजच काय? त्याच्या हातात कॉपी येते तीच मुळी कुलूप तोडून. भोगतो तो पैसे मोजणारा. 2008 च्या सप्टेंबरात स्पोर हा गेम आला तेव्हाचं आठवा. सिक्युरॉम नावाचं कुलूप, फक्त तीन अ‍ॅक्टिव्हेशन, ती संपली की कस्टमर केअरच्या विनवण्या. अ‍ॅमेझॉनवर एकेक तारा देणाऱ्यांची रांग लागली, त्याच महिन्यात कॅलिफोर्नियात गेमच्या कंपनीवर, ईएवर, सगळ्या ग्राहकांच्या वतीने एकत्र दावा म्हणजे क्लास अ‍ॅक्शन दाखल झाली, आणि मग तीनाची पाच झाली. एवढं करूनही पायरसीच्या बातम्या देणाऱ्या टॉरेंटफ्रीक साइटच्या यादीत त्या वर्षीचा सगळ्यात जास्त पायरेट झालेला गेम तोच. मग कुलूप अडवत कोणाला होतं?

त्या दाव्यात तक्रार काय होती तर गेमसोबत आणखी एक प्रोग्रॅम बसतोय हे नीट सांगितलं नाही, आणि गेम काढला तरी तो प्रोग्रॅम जात नाही. माझं म्हणणंही तेवढंच आहे. दुकानाला हवी तेवढी कुलपं लावा. माझ्या घरात तुमचा राखणदार बसवायचा असेल तर आधी विचारा, आणि मी जा म्हटलं की तो गेला पाहिजे.

रात्रीचा_गडी
+१. सिक्युरॉम तर थेट कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात जाऊन बसायचं, शुद्ध रूटकिट (लपून बसणारा प्रोग्रॅम) होतं ते.

अर्धाडाव
नाव घेऊन धागा काढलात, बरं झालं, समोरासमोर बोलू. रात्रीचा_गडी, हे असं ऐकीव लिहिता म्हणून तुमची बाजू कच्ची पडते. दाव्यात रिंग शून्य (म्हणजे कर्नलच) वगैरे लिहिलं होतं, पण सिक्युरॉमवाले सांगत होते की आमचा कर्नल ड्रायव्हर नाही. विंडोजमध्ये मागे चालणारी एक सर्व्हिस बसायची त्यांची, कर्नलच्या बाहेर. कर्नल ड्रायव्हरवालं ते स्टारफोर्स, ते वेगळं कुलूप. दोन्हीची भेळ करू नका. आणि क्लास अ‍ॅक्शनमध्ये ग्राहकाला शेवटी काय मिळतं? चिल्लर. वकिलांचं घर भरतं.

मुळापासून
सर्व्हिस आणि ड्रायव्हरमधला फरक मान्य, तिथे तुमचं बरोबर आहे. पण सर्व्हिस असली तरी ती न विचारता आली आणि हाकलली तरी गेली नाही, हे तसंच राहतं ना.

आणि चिल्लर म्हणाल तर सोनी बीएमजी या म्युझिक कंपनीचं प्रकरण बघा. ते गाण्यांच्या सीडीचं होतं, गेमचं नाही, पण जातकुळी एकच. 2005 च्या ऑक्टोबरअखेर मार्क रुसिनोविच या विंडोज तज्ज्ञांनी स्वतःच्याच मशीनवर त्या सीडीने बसवलेला रूटकिट पकडला. ठरावीक अक्षरांनी नाव सुरू होणारी कुठलीही फाइल तो लपवायचा. कुठलीही! टेक्सासच्या अ‍ॅटर्नी जनरलनी दावा लावला, 2007 च्या जानेवारीत एफटीसीने (अमेरिकेतला ग्राहकहिताचा सरकारी आयोग) समझोत्यात कबूल करून घेतलं की तो काढताना ज्यांचं मशीन बिघडलं त्यांना 150 डॉलरपर्यंत भरपाई द्यायची. पैसे सोडा, त्या सीडी बाजारातून परत बोलवाव्या लागल्या. कोर्टाची भीती नसती तर हे झालं असतं का?

नवशिका_निर्माता
मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. आम्ही चौघांनी अडीच वर्षं घालून एक छोटा गेम केला, कसलंही प्रोटेक्शन लावलं नाही, कारण मीही तेव्हा मुळापासून यांच्यासारखंच बोलायचो. दुसऱ्या दिवशी टॉरेंटवर. त्याचं दुःख झालं पण ते धरूनच चाललो होतो. जे धरलं नव्हतं ते म्हणजे सपोर्टच्या मेल. सेव्ह उडतंय, तिसऱ्या पातळीवर गेम अडकतो, दोन दोन रात्री जागून शोधावं तर कळायचं की हा बग आम्ही पहिल्या आठवड्यात काढलाय आणि समोरच्याकडे चोरलेली जुनी कॉपी आहे. चौघातला एक जण त्या महिन्यात सोडून गेला. तुम्ही राखणदाराला हाकला म्हणता, माझ्या घरी चोरी झाली त्याचं काय?

आणि आकडेही आहेत. डेनुव्हो या आजच्या प्रोटेक्शनवरच्या अलीकडच्या एका अभ्यासात आलंय की गेम सुरुवातीलाच क्रॅक झाला (कुलूप फुटलं) तर उत्पन्न सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास घटतं. आमच्यासारख्यांना 20 टक्के म्हणजे पुढचा गेम होणार की नाही एवढा फरक.

मुळापासून
तुमचं वाचून वाईट वाटलं, मनापासून सांगतो. पण त्याच अभ्यासातलं पुढचं का गाळलंत? 12 आठवड्यांनंतर क्रॅक झाला तर उत्पन्नात जवळपास काहीच फरक पडत नाही, हेही त्यातच आहे. मग तीन महिन्यांनी काढून टाका की! काही कंपन्या काढतातही. ज्या वर्षानुवर्षं ठेवतात त्या कोणाला अडवतायत?

कायदेकानू
खटल्यांबद्दल सगळे बोलतायत पण गेल्या काही वर्षांत असे खटले कमी का दिसतात हे कोणी विचारत नाही. स्टारफोर्सवरून युबिसॉफ्ट या गेम कंपनीवर 2006 मध्ये 50 लाख डॉलरचा दावा झाला आणि एप्रिलमध्ये युबिसॉफ्टने स्टारफोर्स सोडलं. मग 2011 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एटी अँड टी विरुद्ध कन्सेप्शियनचा निकाल लागला, की करारात लवाद लिहून एकत्र दावा करायचा हक्क काढून घेता येतो. त्याच वर्षी सप्टेंबरात सोनी आणि ईए दोघांनीही अटींत ते कलम घातलं. आपण सगळ्यांनी 'मान्य' दाबलं. स्टीमवाल्या व्हॉल्व्हने 2012 मध्ये तसंच कलम आणलं आणि 2024 मध्ये स्वतःच लवाद काढला, कारण हजारो लोक एकेकटे लवादाकडे जायला लागले तर त्याची फी कंपनीलाच भरावी लागते. तेव्हा 'खटले नाहीत म्हणजे त्रास नाही' असं कोणी म्हणू नका. खटल्याचा दरवाजाच बुजवला होता.

शेवटचीपातळी
तुम्ही सगळे वीस वर्षांपूर्वीच्या डब्यांवर भांडताय. आज कर्नलमध्ये कोण बसलंय बघा ना. अँटी-चीट, म्हणजे लबाडी करून खेळणाऱ्यांना पकडणारे प्रोग्रॅम! व्हॅलोरंट गेमचं व्हॅनगार्ड तर मशीन चालू झाल्यापासून चालू, गेम उघडा नाहीतर नका उघडू. त्यावर कुणी अवाक्षर काढत नाही.

रात्रीचा_गडी
अँटी-चीटला नावं ठेवू नका. मी रँकमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत) खेळतो, भिंतीआडून बघून गोळी घालणाऱ्यांनी माझं एक अख्खं वर्ष नासवलं. माझ्या मशीनवर काय बसायचं ते बसू दे, समोरचा चीटर नको. मला विचारलं, मी हो म्हटलं, विषय संपला.

शेवटचीपातळी
तुम्ही हो म्हटलंत ते तुमच्यापुरतं. गेनशिन इम्पॅक्टचा अँटी-चीट ड्रायव्हर 2022 मध्ये रॅन्समवेअरवाल्यांनी (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्यांनी) वापरला, अँटीव्हायरस बंद पाडायला. ज्यांनी तो गेम कधी बघितलाही नाही त्यांच्या मशीनवर! ड्रायव्हरवरची कंपनीची डिजिटल सही खरी असल्यामुळे विंडोजने त्याला आत घेतलं. 2016 ला स्ट्रीट फायटर 5 च्या अपडेटमधून कॅपकॉमने जो ड्रायव्हर पाठवला त्याचंही हेच, कुठल्याही प्रोग्रॅमला कर्नलमध्ये शिरायची वाट करून दिली. मागे घेतला म्हणा लगेच, पण सही केलेली फाइल एकदा जगात गेली की परत येत नाही.

रात्रीचा_गडी
म्हणजे चीटरना मोकळं रान द्यायचं का? तुम्ही स्वतः कधी स्पर्धेत उतरलात? घरात एकट्याने खेळणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

शेवटचीपातळी
मी काय खेळतो त्याचा इथे काय संबंध? याच मशीनवर मी नोकरीचं काम करतो, लोकांचा डेटा असतो माझ्याकडे. 2024 च्या जुलैमध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने 85 लाख मशीन पडली, तेही कर्नलमध्येच होतं आणि ती तर सुरक्षेची कंपनी. गेम कंपनीवर मी त्यापेक्षा जास्त भरवसा का ठेवू?

अर्धाडाव
धागा कॉपी प्रोटेक्शनचा आहे. चीटवाल्यांनी आपला वेगळा काढा.

कायदेकानू
संबंध आहे, अर्धाडाव. सोनीचा तो रूटकिट आला आणि काही दिवसांत वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या चीटरनी त्याचाच आडोसा घेतला. फाइलच्या नावाला ती अक्षरं जोडली की तो गेम काढणाऱ्या ब्लिझार्डच्या वॉर्डन या अँटी-चीटला ती दिसायची नाही. एकाच्या राखणदाराने दुसऱ्याच्या राखणदाराला आंधळं केलं आणि मधे मशीन कोणाचं, तर ग्राहकाचं.

रात्रीचा_गडी
हे माहीत नव्हतं मला. तरी रँकमध्ये अँटी-चीट हवंच, त्यावर मी मागे हटणार नाही. गेम बंद केल्यावर तोही बंद व्हावा, एवढं मान्य.

अर्धाडाव
मुळापासून, 'फुकटे' हा शब्द मी मागे घेतो. बाकी नाही. गेम विकत घेणाऱ्या हजारो लोकांना ही कुलपं दिसतही नाहीत. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मी 2006–07 मधले डझनभर गेम खेळलो, एकदाही काही झालं नाही. तुमचं काय बिघडलं ते तरी सांगा.

मुळापासून
माझा डीव्हीडी रायटर गेला. नवा होता, पाच महिन्यांत लिहायचा बंद झाला, आधी हळू, मग प्रत्येक डिस्क वाया. ज्या गेमने केलं असं मला वाटतं त्याचं नाव घेत नाही कारण माझ्याकडे पुरावा नाही, कंपनीने 'तुमचं हार्डवेअर खराब आहे' एवढ्या एका ओळीत बोळवण केली. पण वडिलांच्या जुन्या फोटोंचा बॅकअप त्याच रायटरवर केला होता आणि त्यातल्या दोन डिस्क नंतर कुठेच उघडल्या नाहीत. त्यातले काही फोटो दुसरीकडे कुठेही नाहीत. पुरावा जमवायचा तर त्या प्रोग्रॅमची चिरफाड करावी लागते, आणि अमेरिकेत 1998 च्या कॉपीराइट कायद्यानुसार त्यालाच बंदी. सुरक्षेसाठी गेमचं प्रोटेक्शन तपासायला सूट मिळाली ती 2010 मध्ये. तोवर माझ्यासारख्याने काय सिद्ध करायचं होतं?

जुना लॅपटॉप चालू होत असेल तर एक करा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ड्रायव्हरक्वेरी (driverquery) टाइप करून यादी वाचा. सेकड्रव्ह (secdrv) दिसला तर तो सेफडिस्क या जुन्या कुलपाचा, पण तो विंडोजसोबतच यायचा, त्याचा दोष गेमला देऊ नका. बाकीचं बघा.

नवशिका_निर्माता
फोटोंचं वाचून काय लिहावं कळेना. आमच्या पुढच्या गेमला प्रोटेक्शन लावायचं असं आमचं ठरत आलंय. लावलं तर काय लावलंय ते पहिल्याच पानावर लिहीन आणि तीन महिन्यांनी काढीन, एवढं इथे लिहून ठेवतो. पण लावणारच नाही असं म्हणणार नाही.

अर्धाडाव
लॅपटॉप चालू झाला. सेकड्रव्ह आहे. त्याच्या खाली आणखी एक आहे, नाव शोधून बघितलं तर एका कॉपी प्रोटेक्शनचाच निघाला. तो गेम मी 2009 मध्ये काढून टाकला होता.

हा काढायचा कसा ते सांगा.